तिसरी फळी

यांना ते ‘फिरतं घर’ वाटायचं, मला ती ट्रॉली वाटायची, आणि रस्त्यावरच्या लोकांना ती काय वाटायची हे सांगायलाही मला लाज वाटते. परतूरच्या अलीकडे एकानं सायकल आडवी घालून विचारलं, “कुटुंब नियोजनाची गाडी हाय का?” नगरच्या पुढं चहाच्या टपरीवर दोन म्हाताऱ्या डोळे तपासून घ्यायला दारापाशी येऊन बसल्या, आणि डॉक्टर नाहीत म्हटल्यावर माझ्यावरच रागावल्या. घाट उतरून कोकणात गेलो तर पोरं आइस्क्रीमसाठी मागं पळायला लागली. मी जीपमध्ये पदर डोक्यावरून पुढं ओढून बसायची. हे मात्र खिडकीतून हात हलवायचे, जणू निवडणुकीलाच उभे आहेत.

आम्ही दोघं एकाच वर्षी रिटायर झालो, दोन हजार सालाच्या पुढंमागं. हे जालन्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीत होते, जन्मभर बांधाबांधानं हिंडले. मी प्राथमिक शाळेत शिकवलं. निरोपाच्या वेळी कंपनीनं यांना शाल, नारळ आणि यांनीच चालवून खिळखिळी केलेली जीप दिली. कुठल्याशा परदेशी मासिकात यांनी मोटारीमागं जोडलेलं चाकांवरचं छोटं घर पाहिलं होतं. ते चित्र कापून पाकिटात ठेवलेलं होतं. त्या चित्रात एक म्हातारा, एक म्हातारी, एक कुत्रा आणि मागं समुद्र. नवीन जालन्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा एक कारागीर होता, त्याच्यापुढं यांनी ते चित्र ठेवलं. त्यानं ते उलटंसुलटं करून पाहिलं, “होऊन जाईल की, साहेब,” म्हणाला आणि त्याला जे येत होतं तेच बनवलं. खाली ट्रॅक्टरची ट्रॉली, वर पत्र्याचं छप्पर, दोन खिडक्या, एक दार. रंगसुद्धा ट्रॉलीचाच, लाल आणि निळा.

आत झोपायला यांनी दोन फळ्या सांगितल्या होत्या, त्यानं तीन बसवल्या. “दोघंच कसे जाताल? घरातलं एखांदं मानूस संगं ऱ्हातंच की,” म्हणाला. हे हसले. मला मात्र ती तिसरी फळी पहिल्या दिवसापासून खुपली. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं म्हणून कुठं गेलोच नव्हतो. जालन्यातल्या दोन खोल्यांत गावाकडून शिकायला आलेले पुतणे असायचे, दवाखान्याला आलेली माणसं असायची, लग्नाचा बस्ता बांधायला आलेली वऱ्हाडं असायची. माझ्या घरात मी कधी पाय पसरून झोपल्याचं मला आठवत नाही. तेव्हा म्हातारपणी तरी दोघंच, असं मी मनात धरून बसले होते, आणि त्यात काही गैर होतं असं मला अजूनही वाटत नाही. गैर पुढं झालं.

रंगाऱ्यानं विचारलं, मागं काय लिहू? मागं काही लिहिल्याशिवाय ट्रॉली बाहेर सोडायची नाही, असा त्याचा नेम. मी बाजारात गेले होते. परत येऊन पाहते तर मागच्या पत्र्यावर पिवळ्या अक्षरांत, खाली दोन गुलाबांसकट, ‘वहिनीची कृपा’.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. यांची आई लवकर गेली. जाऊबाई लग्न होऊन आष्टीला आल्या तेव्हा त्या स्वतःच परकर सोडून नुकत्या लुगड्यात आलेल्या, आणि हे शेंबडे. यांना न्हाऊ घालण्यापासून शाळेत मारून धाडण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं. पुढं थोरले दीर गेले. जाऊबाई मुलाजवळ आष्टीतच राहिल्या. त्या जालन्याच्या पलीकडे कधी गेल्या नव्हत्या. हे सगळं मला माहीत होतं. तरी ती अक्षरं बघून मी म्हणाले, “माझी काहीच कृपा नाही वाटतं?” हे म्हणाले, “तुझी कृपा आत आहे, बाहेर कशाला लिहायची?” असं बोलून सुटायची कला यांना शेतकऱ्यांनी शिकवली असावी.

आणि कुत्रं. ते जातीबितीचं नव्हतं, तांबूस रंगाचं, एक कान पडका. हसनाबादच्या रस्त्यावर कपाशीच्या पट्टीत यांना सापडलं आणि तेव्हापासून जीपमध्ये यांच्या शेजारी बसून शेतं बघत हिंडलं. हे घरी नसले तर ते भाकरीला तोंड लावायचं नाही. ते बरोबर येणार यावर आमच्यात चर्चासुद्धा झाली नाही. यांनी तिसऱ्या फळीवर त्याचं पोतं अंथरलं. मीही म्हटलं, बरं झालं, फळी भरली.

दिवाळीला आष्टीला गेलो तेव्हा ओसरीवर बसून हे जाऊबाईंना म्हणाले, “वैनी, तुमी बी चला समुद्राला.” आपल्याकडे उठून निघालेल्या पाहुण्याला ‘जेवूनच जा’ म्हणतात, तसलंच ते मला वाटलं. म्हणणाऱ्यानं म्हणायचं, ऐकणाऱ्यानं ‘कशाला, तुमीच जा’ म्हणायचं, आणि दोघांनी समाधान मानायचं, असा रिवाज आहे. जाऊबाईंनी मात्र ‘कशाला’ म्हटलं नाही. नुसत्या हसल्या आणि सुपातले दाणे निवडत राहिल्या. माझ्या ते ध्यानात यायला हवं होतं. हे तोंडदेखलं बोलले की मनापासून, ते मी यांना आजवर विचारलेलं नाही.

संक्रांत झाली आणि आम्ही निघालो. कोकण पश्चिमेला आणि आष्टी पूर्वेला, तरी आधी आष्टीलाच गेलो, कारण लांबच्या वाटेला लागण्याआधी थोरल्यांच्या पाया पडायचं असतं. तिथं पोचलो तर वेशीपासून माणसं उभी. रिकामपणी समुद्र बघायला दोन म्हातारी माणसं घरदार सोडून जातात, हे कुणाच्या डोक्यात शिरण्यासारखं नव्हतं, म्हणून गावानं आपल्यापरीनं अर्थ लावला होता. आम्ही यात्रेला निघालो होतो. बायकांनी आमचे पाय धुतले, कुंकू लावलं. प्रत्येकानं एकेक नारळ आणला, “आमच्या नावानं देवाला वाहा.” मी यांच्याकडे पाहिलं, यांनी माझ्याकडे. सांगायचं कसं की, बायांनो, आम्ही कुठल्याच देवाला निघालो नाही? कुत्रं बरोबर असताना कोण देवळात घेणार? आम्ही नारळ घेत राहिलो. कोकणात नारळ घेऊन जाणारे आम्ही बहुधा पहिलेच.

मी ट्रॉलीच्या दारात उभी राहून नारळ आत रचत होते. हे जीपमागं वाकून हूक बघत होते. तेवढ्यात जाऊबाई आल्या. नवं लुगडं, डोक्याला तेल, एका हातात गाठोडं आणि दुसऱ्या हातात घासून लख्ख केलेला पितळी तांब्या. मागं त्यांची सून, डोळ्याला पदर लावून. त्यांनी येऊन ट्रॉलीच्या पायरीवर गाठोडं ठेवलं आणि आत चढायला माझ्यापुढं हात केला.

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. दिवाळीपासून ही बाई वाट पाहत होती. सगळ्या गावाला सांगून झालं होतं, शेजारणीचा निरोप घेऊन झाला होता. सून रडत होती ती सासू पहिल्यांदा यात्रेला निघाली म्हणून.

तो हात धरून त्यांना वर घ्यायचं होतं, एवढंच काम होतं. मी म्हणाले, “बाई, झोपायला जागा न्हाई हो आत.”

मी एरवी शाळेतली शुद्ध भाषा बोलते. त्या वेळी मात्र माझ्या तोंडून गावाकडची भाषा आली, जरा गोड लागावी म्हणून. त्याची मला त्या शब्दांपेक्षाही जास्त लाज वाटते.

आणि त्याच वेळी कुत्रं आमच्या दोघींच्या मधून उडी मारून आत गेलं, तिसऱ्या फळीवर आपल्या पोत्यावर बसलं आणि जीभ काढून सगळ्यांकडे बघायला लागलं. दार सताड उघडं होतं. फळ्या तीन होत्या आणि त्या मोजायला शाळेत जावं लागत नाही. कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप केलं. जाऊबाईंनी कुत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बराबर हाय,” म्हणाल्या. “त्याला मागं कोन सांभाळंल? ते जेवत न्हाई भाऊजींबिगर.”

त्यांनी पुढं केलेल्या हातानंच गाठोडं खाली ओढलं, तिथंच मातीत बसून सोडलं आणि फडक्यात बांधलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढून माझ्या हातात दिली. “ह्या ऱ्हाऊ दे वाटंला.” मग तांब्या दिला. “मंग ह्याच्यात तेवढं पानी आन समुद्राचं.” एवढ्यात हे ग्रीसचे हात पुसत उठले. यांनी उघडं गाठोडं पाहिलं, त्यातली चोळी, कंगवा, घडी घातलेली वाकळ पाहिली. यांना सगळं समजलं असणार. यांनी तोंड उघडलं नाही. ती यांची लाज, यांनी आपली आपण सांभाळावी. आम्ही जीपमध्ये बसलो आणि गावानं आमचा जयजयकार केला.

 वाटेत आम्ही बोललो ते हवा कमी आहे का, पाणी भरायचं का, असं. दशम्यांचं फडकं सोडलं तर त्या तीन माणसांच्या होत्या. जाऊबाईंचा हात मोजका, त्यांच्या स्वयंपाकात कधी उरत नाही. दोघं खाऊन खाऊन किती खाणार? तिसऱ्या वाटच्या उरल्या त्या कुत्र्याला घातल्या. त्यानं त्या हुंगल्या, एक खाल्ली, आणि बाकीच्यांकडे पाठ करून बसलं.

मागच्या पत्र्यावरची अक्षरं सगळा महाराष्ट्र वाचत होता. घाटात एका हॉटेलापाशी थांबलो तर एक ट्रक ड्रायव्हर हात जोडून मला म्हणाला, “नमस्कार वहिनी! तुमचीच कृपा ना मागं?” मी मान हलवली. काय सांगणार? पुढं हे रोजचंच झालं. पेट्रोल पंपावर, फेरीबोटीच्या धक्क्यावर, मासळीच्या बाजारात लोक ती अक्षरं वाचायचे, माझ्याकडे बघायचे आणि वहिनी म्हणायचे, आणि मी वहिनी होऊन हसायची. एकदा यांनी ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

समुद्र चांगला होता, त्याचा काही दोष नव्हता. श्रीवर्धनच्या बाजूला पहिल्यांदा दिसला तेव्हा मी जीपमधून उतरले आणि पाण्यापर्यंत चालत गेले. लाट पायावर आली. माझ्या तोंडून निघालं, “अगं बाई, केवढं हे!” आणि वळून सांगायला बघते तर मागं कुणी नव्हतं. हे ट्रॉलीपाशीच चाकाला दगड लावत होते. कुत्रं तर समुद्राला जे भ्यालं ते भ्यालंच. जीपखाली शिरून ते त्याच्यावर भुंकत राहिलं, भुंकून भुंकून घसा बसला तेव्हा गप्प झालं.

त्या कुत्र्यानं दुसरी एक गोष्ट केली. ते ट्रॉलीत झोपलं नाही. पहिल्या मुक्कामाला यांनी उचलून फळीवर ठेवलं, ते उतरलं आणि खाली दोन चाकांच्या मध्ये मातीत जाऊन झोपलं. दुसऱ्या मुक्कामालाही तेच, गुहागरला तेच, मालवणला तेच. पत्र्याच्या पेटीत त्याला कोंडल्यासारखं होत असणार, त्याला काय नावं ठेवायची? पण रोज सकाळी माझे डोळे उघडायचे ते समोरच्या रिकाम्या फळीवर. पोतं सपाट, सुरकुतीसुद्धा नाही. शेवटी मी नारळ उचलून त्या फळीवर मांडले. फळी रिकामी दिसू नये म्हणून. 

त्या नारळांचीही शोभा झाली. देवळांच्या बाहेरून आम्ही हात जोडत गेलो. एकानं कुत्रं धरून बाहेर थांबावं, दुसऱ्यानं आत जावं, असंही करता आलं असतं, पण यांनी तसं म्हटलं नाही आणि मीही नाही. दुसऱ्याची यात्रा अडवून कुठल्या तोंडानं देवापुढं जायचं, असं मला वाटायचं. यांना काय वाटायचं ते यांना ठाऊक. मग एका सकाळी यांनी नारळ पाण्याशी नेले आणि ज्यानं दिला त्याचं नाव घेऊन एकेक समुद्रात टाकला. थोड्या वेळानं लाटांनी सगळे परत आणून वाळूवर ठेवले. जाळं निवडत बसलेल्या बायका हसून हसून पडल्या. एक म्हणाली, “अहो काका, समुद्राला पण तुमचे नारळ नको झाले!” हे पँट वर करून नारळ गोळा करत होते आणि लाट आली की मागं पळत होते. दुसऱ्या कुठल्याही वेळी मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी मी ते नारळ त्या बायकांनाच देऊन टाकले. फळी पुन्हा रिकामी झाली.

मालवणच्या पुढं जायचं ठरलं होतं, पण तिथंच हे म्हणाले, “तांब्या भर. जाऊ परत.” मी कमरेइतक्या पाण्यात जाऊन तांब्या भरला, तोंडाला कणकेचा गोळा लावला आणि वर फडकं बांधलं. येताना तो सगळी वाट मांडीवर धरून बसले. ट्रॉलीत ठेवायचा धीर झाला नाही.

निघताना यांनी पोचायचा दिवस फोनवर कळवला होता, त्यामुळे आष्टीत मावंद्याची तयारी झालेलीच होती. यात्रेहून आलेल्यांनी गावजेवण घालायचं असतं, ते जाऊबाईंनी आमच्या वतीनं मांडलं होतं. दारात पुरणाचा वास, अंगणात पंगती. मी वाटेतच ठरवलं होतं की आता खोटं पुरे. जाऊबाई परात आणि पाणी घेऊन आमचे पाय धुवायला बसल्या तशी मी पाय मागं घेतला. म्हटलं, “बाई, आम्ही कुठल्याच देवळात गेलो नाही. नुसतं हिंडून आलो.” त्यांनी माझा घोटा धरून पाय परातीत ओढला. “गप. लोक जेवायला बसून राह्यलेत,” एवढंच म्हणाल्या. यांचे धुतले, माझे धुतले, आणि मग कुत्र्याला बोलावून त्याचे चारही पंजे धुतले, कपाळाला बोटभर कुंकू लावलं. “हे बी जाऊन आलंय.” पंगतीत हशा पिकला. कुत्रं ताठ उभं होतं, जसं काही पोचलेला साधूच. तांब्यातलं पाणी त्यांनी बोटावर घेऊन जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं, आणि मग सगळ्यांच्या हातावर तीर्थासारखं थेंब थेंब दिलं.

पुढच्या हिवाळ्यात हे स्वतः आष्टीला गेले आणि त्यांना म्हणाले, “वैनी, चला, तुमच्यासाठी जातो.” त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी गेले, हात जोडले. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, “कशाला, तुमीच जा.” आता त्यांना रिवाज बरोबर जमला होता. समुद्र त्यांनी पाहिला नाही तो नाहीच.

पण मला त्यांचा नकार तितका लागला नाही. मला आठवतं ते मावंद्याच्याच दिवशीचं. जेवणं उरकली, भांडी सुनेनं ओढली, उन्हं कलली. जाऊबाई हात पुसत ट्रॉलीपाशी आल्या. मागच्या पत्र्यावरून हात फिरवून विचारलं, “काय लिव्हलंय गं?” त्यांना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. “हट्,” म्हणाल्या आणि लाजल्या. मग म्हणाल्या, “दाव बरं आतून.”

या वेळी मी हात दिला. त्या गुडघ्यावर जोर देत चढल्या. स्टोव्ह पाहिला, खिडकीचा पडदा सरकवून पाहिला. तिसऱ्या फळीपाशी थांबल्या. पोत्यावरून तळवा फिरवला, तळव्याकडे पाहिलं. एक केस लागला नव्हता.

“हे झोपत कुठं व्हतं मंग?”

खोटं सांगायची सोय नव्हती आणि इच्छाही राहिली नव्हती. “खाली. चाकामधी,” मी म्हणाले. “एक दिवस वर झोपलं न्हाई, बाई.”

त्यांनी पोतं झटकून नीट अंथरलं, लुगडं सावरलं आणि फळीवर आडव्या झाल्या, खिडकीकडे तोंड करून. पदर अंगावर ओढला, पाय लांब केले. मग मान उचलून स्वतःच्या पायांकडे पाहिलं. पावलं आणि फळीचं टोक यांच्यामध्ये वीतभर जागा उरली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, चोळीचं माप बघतात तसं.

“मावते की गं मी,” त्या म्हणाल्या. “बराबर मावते.”